हो म्हणवणारा माणूस

"अजून खालीच बसता का तुम्ही?"

बाईंनी हे अगदी सहज विचारलं, पर्स मांडीवर घेता घेता, जुन्या ओळखीच्या माणसाला 'अजून त्याच घरात राहता का' म्हणून विचारावं तसं. तो बसता बसता मध्येच थांबला, गुडघे वाकलेले, एक हात खुर्चीच्या पाठीवर. लाइफ कोच म्हणून हे त्याचं पाचवं वर्ष. या पाच वर्षांत चष्म्याच्या दुकानावरच्या या खोलीत नवऱ्याला कंटाळलेल्या बायका आल्या, नोकरीला कंटाळलेले पुरुष आले, आणि नुसतेच कंटाळलेले तर किती आले याची गणती नाही. पण त्याची खुर्ची समोरच्या खुर्चीपेक्षा चार बोटं बुटकी आहे, हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. सुताराकडून त्याने तिचे पाय मुद्दाम कापून आणले होते. सुतार म्हणाला होता, "साहेब, लोक खुर्ची उंच करून घेतात, तुमचं उलटंच." उलटं काही नव्हतं. समोरचा माणूस चार बोटं वर बसला की खाली बघून बोलतो, आणि खाली बघून बोलणाऱ्या माणसाला वाटतं की जे काय ठरतंय ते आपणच ठरवतोय. हे त्याला कुठल्या अभ्यासक्रमात मिळालेलं नव्हतं, कमावलेलं होतं. पण 'अजून' हा शब्द पायात काच जावी तसा गेला. अजून म्हणजे आधीही. आणि आधी म्हणजे या खोलीत नव्हे.

तो बसला. दुसरं करणार काय? बाईंनी खालच्या मजल्यावर भरून दिलेला फॉर्म त्याने पुन्हा एकदा वाचल्यासारखं केलं. नाव वाचून काहीच हललं नाही. वय एक्केचाळीस. व्यवसाय, बस डेपोत टाइमकीपर. 'तुम्हाला आयुष्यात नेमकं काय बदलायचं आहे?' या प्रश्नाला लोकांना जागा पुरत नाही, मागच्या बाजूला बाण काढून लिहितात. बाईंनी तिथे एक सरळ आडवी रेघ ओढली होती. पट्टी लावून ओढावी इतकी सरळ.

"मला ओळखलं नाहीत," बाई म्हणाल्या.

"चेहरा बघितल्यासारखा वाटतोय, ताई, पण..."

"ताई नका म्हणू. तेव्हाही म्हणाला होतात."

तेव्हाही. आता मात्र त्याला कळलं की बाई कुठल्या दारातून आल्या आहेत. फक्त कुठल्या वर्षातून, ते कळत नव्हतं. वेबसाइटवर 'माझ्याविषयी' या पानावर लिहिलं होतं, 'आरोग्यक्षेत्रातील नऊ वर्षांचा अनुभव. हजारो कुटुंबांना त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण निर्णयात साथ.' हजारो हा शब्द वेबसाइट करणारीने घातला होता. तो म्हणाला, हजारो नव्हती हो, त्र्याऐंशी होती. ती म्हणाली, त्र्याऐंशी लिहिलं तर लोक मोजतील, हजारो लिहिलं की कुणी मोजत नाही. त्याला ते पटलं. नऊ वर्षांतली पहिली दोन तर हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत गेली होती, तेही त्यात धरलेलं होतं. लिफ्ट कुठे, रक्ताचे रिपोर्ट कुठे, तिसऱ्या मजल्यावर चपला काढायच्या का. पण त्याच खिडकीत त्याला आपली एक खोड लक्षात आली. आलेल्या घोळक्यातला रडणारा कोण, पळणारा कोण आणि ठरवणारा कोण, हे त्याला मिनिटभरात कळायचं. रडणारा वेगळा असतो, औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन पळणारा वेगळा, आणि ठरवणारा बहुतेक भिंतीला टेकून उभा असतो, काही विचारलं तर आधी दुसऱ्याकडे बघतो आणि मग तिसऱ्याला उत्तर देतो. म्हातारी मेट्रन एकदा त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुला माणसं दिसतात रे. आमच्या डोळ्यांना नुसती गर्दी दिसते." तिनेच शब्द टाकला आणि तो खिडकीतून उठून आत गेला, अवयवदानाचा कोऑर्डिनेटर झाला.

काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं, पण त्याने ते सासरी कधी सांगितलं नाही. कुणाचा तरी माणूस अपघातात डोक्याला मार लागून येतो. मेंदू मरतो, छाती यंत्रावर हलत राहते. डॉक्टर दोनदा तपासतात, माणूस गेला असं नातेवाइकांना सांगतात आणि निघून जातात. मग त्याने आत जायचं आणि मूत्रपिंडं, यकृत, डोळे मागायचे. मागायचे म्हणजे मागायचे नाहीत, ही तर सगळी खुबी. द्याल का, असं तोंडातून काढायचं नाही. हातातल्या फाइलवर काहीही लिहिलेलं असो, पेशंट म्हणायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं. उभ्याने बोलायचं नाही, जिन्यात तर नाहीच. टोकाच्या छोट्या खोलीत न्यायचं, पाण्याचे पेले आधीच भरून ठेवायचे, आपण स्टुलावर बसायचं आणि त्यांना सोफ्यावर बसवायचं. आणि मग विचारायचं, "स्वभाव कसा होता हो त्यांचा?" बस. तिथून पुढे माणसं आपापल्या पायांनी चढतात. फार देता हात होता हो, म्हणतात. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली तर उतरून ढकलायचा, म्हणतात. एकेक पायरी तेच रचतात, त्याने फक्त वरची मोकळी जागा दाखवायची. त्र्याऐंशीपैकी एकसष्ट घरांनी हो म्हटलं. एवढं प्रमाण आसपासच्या एकाही हॉस्पिटलात नव्हतं. आणि ते काम पुण्याचंच होतं, त्यात खोट काढायला जागा नाही. कुणाची तरी आई त्या एकसष्ट होकारांवर आजही जिना चढते. बायको मात्र म्हणायची, "तुमच्यापुढे यमसुद्धा रेडा सोडून देईल आणि वर आभार मानेल." सुरुवातीला हसून म्हणायची. पुढे पुढे हसू गळालं आणि वाक्य तेवढं उरलं.

"माझा भाऊ," बाई म्हणाल्या. "मोटरसायकल. हेल्मेट कोपरात अडकवलेलं होतं."

हेल्मेट कोपरात. हे तेवढं लख्ख उठलं, कारण सोफ्यावर बसलेल्या बाईने ते हेल्मेट शेवटपर्यंत हातात धरलं होतं आणि काचेवरचा डाग ती ओढणीने पुसत होती. त्यावर त्याने मनात शेरासुद्धा मारला होता. पण चेहरा नव्हता. ही एक विचित्र गोष्ट त्याच्या ध्यानात फार उशिरा आली होती, की नाही म्हणणारी बावीस घरं त्याला तोंडपाठ होती. तो लाकूडवाला, ती शिक्षिका, ते दोघे जुळे भाऊ, त्यांचे शर्ट, त्यांची वाक्यं, सगळं. हो म्हणणारे मात्र एकमेकांत मिसळून गेले होते. खिशात पडलेल्या चिल्लरीसारखे. त्यांच्याकडे पुन्हा बघायचं कारणच पडलं नव्हतं.

"सहा वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "तुम्ही इथे असता ते मला डेपोतल्या एका कंडक्टरने सांगितलं. त्याच्या बायकोला तुमचा फार गुण आला. नवरा सोडून गेली ती."

हे त्या हसून म्हणाल्या की नाही, ते कळलं नाही. त्याने नेहमीप्रमाणे थोडा वेळ जाऊ दिला. शांतता पडू द्यायची, समोरचा ती भरून काढतो. पण बाई ज्या खात्यात होत्या तिथे वाट बघणं हीच नोकरी असावी, त्या मनगटावरच्या घड्याळावर अंगठा ठेवून स्वस्थ बसून राहिल्या. शेवटी त्यालाच बोलावं लागलं.

"मग सांगा. मी काय करू शकतो तुमच्यासाठी?"

"एका प्रश्नाचं उत्तर हवंय. जास्त काही नको. आमचे बाबा आता संपत आलेत. डॉक्टर म्हणाले आठवडा, फार तर दहा दिवस. ते माझ्याशी बोलत नाहीत. सहा वर्षं. जेवतात माझ्या हातचं, औषध घेतात, पाठ चोळून घेतात, रात्री उठवतातसुद्धा, काठी आपटून. पण बोलत नाहीत. शेजारच्या मावशींशी बोलतात, मांजराशी बोलतात. माझ्या तक्रारीसुद्धा मांजरालाच सांगतात, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. त्या दिवशी एकदाच बोलले होते. मी येईपर्यंत थांबता आलं नसतं का, म्हणाले. मी म्हटलं, वेळ नव्हता हो बाबा. आणि परवा त्या मांजराला म्हणतात, हिला विचार बाई, खरंच वेळ नव्हता का?"

बाईंनी घड्याळावरचा अंगठा काढला आणि पुन्हा ठेवला.

"वेळ नाही असं मला तुम्ही सांगितलं होतं. आता तुम्हीच सांगा. होता की नव्हता?"

खाली चष्म्याच्या दुकानात कुणीतरी डोळे तपासायच्या फळ्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत होतं, मोठ्या ओळीपासून सुरुवात करून एकेक ओळ खाली. त्या दिवशीची दुपार त्याच्यात आता आपोआप उलगडत होती, आणि ती थांबवण्याची एकही युक्ती त्याच्यापाशी नव्हती. सगळ्या युक्त्या दुसऱ्यांसाठी बनवलेल्या होत्या. दुसरी तपासणी दोन वाजता झाली. साडेतीनला तो आत गेला. बाईंच्या सोबत कुणी नाही, आई कधीच गेलेली, वडील परगावी. "बाबा निघालेत," बाई म्हणाल्या होत्या, "बसमध्ये आहेत, फोन लागत नाही. नऊपर्यंत पोचतील. त्यांना विचारल्याशिवाय मी कशी सांगू?" त्यावर त्याने नेहमीचाच प्रश्न विचारला होता, फक्त मेलेल्याविषयी न विचारता येणाऱ्याविषयी विचारला. बाबांचा स्वभाव कसा आहे हो? बाई म्हणाल्या, हट्टी आहेत. कुणाचं ऐकत नाहीत. आईच्या ऑपरेशनलासुद्धा नाही म्हणाले होते, चाकू लावू देणार नाही म्हणाले. संपलं. न बघितलेल्या त्या म्हाताऱ्याला त्याने तिथल्या तिथे 'नाही'च्या रकान्यात टाकलं. म्हातारा नऊला पोचणार, त्याच्या आत हिचा हो झाला पाहिजे. कायद्याने बहिणीची सही चालत होती. सकाळी रक्तदाब घसरला होता हे खरं, पण दुपारी आय.सी.यू.तले डॉक्टर त्याच्याशी चहा पिता पिता म्हणाले होते, आता ठीक धरलाय, उद्या सकाळपर्यंत काही हरकत नाही. ते वाक्य त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, चहाच्या कपाच्या कडेला चिकटलेल्या सायीसकट ते त्याला आठवत होतं. आणि त्यानंतर वीस मिनिटांनी तो स्टुलावर बसून, खालून वर बघत, म्हणाला होता, "ताई, वेळ फार कमी आहे." साडेचारला सही झाली. सातला भावाला आत घेतलं. त्याची ड्यूटी आठला संपली, तो घरी गेला, जेवला. बायकोने विचारलं, "आज?" तो म्हणाला, "हो." तेवढंच बोलणं होत असे त्या दिवसांत. म्हातारा पोचला तेव्हा तो वरणभात कालवत असणार.

"किती वाजता पोचले बाबा?" त्याने विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"सव्वानऊला. शिवून, गुंडाळून दिला होता. बाबा म्हणाले, ऊन लागेना याचं अंग. मला वाटलं, काय बोलतायत हे. मग कळलं. अंग गरम असताना हात लावायचा होता त्यांना. सकाळपासून बसमध्ये तेच म्हणत आले होते म्हणे, शेजारच्या माणसाला. गरम आहे अजून, पोरगी म्हणाली गरम आहे."

त्याने पाण्याचा पेला बाईंच्या बाजूला सरकवला. बाईंनी पेल्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि पेला होता तिथे परत ढकलला.

नोकरी सोडली त्याचं कारणही 'माझ्याविषयी'मध्ये होतं, 'मृत्यूच्या सान्निध्यातून जीवनाकडे.' वाक्य छान होतं, लोक कॉपी करून घेत. खरं कारण असं, की त्याची स्वतःची आई आजारी पडली तेव्हा तिच्या खाटेभोवती जमलेल्या सख्ख्या भावंडांकडे बघता बघता त्याच्या डोक्यात रकाने पडायला लागले. दादा नाही म्हणेल. वहिनी दादाकडे बघेल. धाकटी हो म्हणेल, पण तिला आधी बाजूला घ्यावं लागेल. आईला साधा न्यूमोनिया होता, ती बरी होऊन घरी आली, आजही कुणाशी ना कुणाशी भांडते आहे. पण त्या दिवशी त्याने आईच्या कपाळावर हात ठेवला तेव्हा ते कपाळ गरम आहे हे त्याला कळायच्या आधी हिशेब कळला होता. त्यानंतर तो फार दिवस तिथे टिकला नाही. तोवर बँकांमधून बोलावणी यायला लागलीच होती, 'अवघड बोलणं सोपं कसं करावं' म्हणून. एका मॅनेजरने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, अरे, तू कोच हो, हे अंगात असावं लागतं. सहा शनिवार-रविवारांचा कोर्स, भिंतीवर एक सर्टिफिकेट, आणि हा इथे बसला. विद्या तीच होती. तिथे मेलेल्यांच्या वतीने हो म्हणवून घ्यायचं, इथे जिवंतांकडून त्यांच्याच वतीने. पहिल्या वर्षी त्याला खरोखर वाटलं होतं की यात कुणाचं काही जात नाही.

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" तो म्हणाला. तोंडाने आपलं आपण म्हटलं.

"मला वाटून घ्यायचं असतं तर मी घरीच वाटून घेतलं असतं," बाई म्हणाल्या. "त्याला दोन बस बदलून यायला कशाला हवं? आमच्याकडे ड्रायव्हर पाच मिनिटं उशिरा आला तर मी त्याला विचारते, का? तो म्हणतो, तुम्हाला काय वाटतं मॅडम? असं चालेल का हो?"

चालणार नव्हतं. तो बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि जन्माची खोड आपल्या कामाला लागली. होता म्हणालो तर? तर ही इथून उठेल, दोन बस बदलेल आणि दहा दिवस उरलेल्या म्हाताऱ्यापुढे जाऊन उभी राहील. सांगेल, वेळ होता बाबा, सकाळपर्यंत होता, मी फसले. म्हातारा त्याचं काय करेल? घेऊन जाईल, दुसरं काय. आणि ही पुढची तीस वर्षं बसच्या वेळा लिहील. नव्हता म्हणालो तर एक म्हातारा सुखाने जाईल, हिची पाठ मोकळी होईल. हे झालं त्यांचं. आता आपलं. होता म्हणालो तर तक्रार, चौकशी, मग 'माझ्याविषयी' हे पान कोण वाचेल आणि कसं वाचेल. नव्हता म्हणालो तर काही नाही. दुसऱ्याचं भलं आणि आपली सोय अशी दोन्ही एकाच बाजूला येऊन बसली तर आधी तराजू तपासा, हे तो स्वतः लोकांना सांगत असे, त्यावर लोक माना डोलवत. तराजू तपासायला वेळ होता. बाई वाट बघत होत्या, आणखी तासभर बघायला तयार होत्या.

"नव्हता," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

"डॉक्टर म्हणाले होते तसं? की तुम्हीच?"

"डॉक्टर म्हणाले होते."

बाईंचा चेहरा एकदम सुटला. हे सुटणं त्याने एकसष्ट वेळा बघितलं होतं. आधी भुवया सुटतात, मग ओठांची टोकं, मग खांदे, आणि माणूस अचानक पाच वर्षांनी म्हातारा किंवा पाच वर्षांनी लहान दिसतो. बाई लहान दिसायला लागल्या. त्यांनी त्याला धन्यवाद म्हटलं नाही, तेवढी एक मेहेरबानी केली. पर्समधून फोन काढला, आणि डेपोतल्या गोंगाटात बोलायची सवय असलेल्या माणसासारखा तोंडापुढे आडवा धरून, स्पीकरवर टाकून बोलायला लागल्या.

"मावशी, मी बोलतेय. जागे आहेत का? त्यांच्या कानाशी धरा फोन. अहो, नाही बोलत तर नाही बोलत, नुसता धरा."

पलीकडे खुडबुड झाली. भांडं सरकल्याचा आवाज, कापडाचा आवाज. मग श्वास. लांब, मध्येच अडकणारा श्वास. त्या श्वासाने खोली भरली.

"बाबा, मी विचारून आले. त्या हॉस्पिटलच्या माणसालाच विचारलं, समोर बसलाय. वेळ नव्हता, बाबा. डॉक्टरच म्हणाले होते. खरंच नव्हता."

श्वास येत राहिला. तो मोजायला लागला, सवयीने, आणि सातवर चुकला.

"बरं," फोनमधून आवाज आला. न बघितलेल्या म्हाताऱ्याचा आवाज, त्याने कल्पिला होता त्यापेक्षा पातळ, जवळजवळ लाजरा. बाईंनी हात तोंडावर दाबला. "बरं. तसंच असेल तर काय करणार." पुन्हा श्वास. "तुझा डबा इथंच राहिला सकाळी. रिकामी गेलीस."

"खाईन मी काहीतरी, बाबा."

"मी काही नाही म्हणणार नव्हतो गं," आवाज म्हणाला. "तुला वाटलं असेल नाही म्हणतील. तुझ्या आईच्या वेळी म्हटलं आणि ती गेली, ते काय मी विसरलो होतो? बसमध्ये शेजारच्याने अवयवदानाचं काढलं तेव्हाच ठरवलं होतं, कुणाला उपयोग होत असेल तर देऊन टाकू. हात लावायचा होता फक्त. तेवढाच एक."

तो बुटक्या खुर्चीवरून उठला होता. कधी उठला ते कळलं नाही, पण आता तो उभा होता आणि बाई खाली होत्या, वाकलेल्या, फोन दोन्ही हातांत धरून, भांग सरळ त्याच्या नजरेसमोर. होता, असं त्याच्या तोंडात आलं होतं. वेळ होता, सकाळपर्यंत होता, डॉक्टर चहा पीत होते. शब्द अगदी ओठांशी येऊन उभे होते, आणि त्याने तोंड उघडलंही. पलीकडून म्हातारा आता थांबायला तयार नव्हता. सहा वर्षांचं बोलणं एकदम लोटलं होतं. पंखा आवाज करतो, त्याला तेल घाल. उशी फार उंच आहे. मावशी चहात साखर कमी घालतात, तू सांग त्यांना, माझं ऐकत नाहीत. बाई प्रत्येकाला "हो बाबा, हो" म्हणत होत्या, रडत होत्या आणि मध्येच हसतही होत्या.

"ऐका," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे न बघताच एक हात वर केला. वेळेआधी गाडी काढणाऱ्या ड्रायव्हरला डेपोत करत असतील तसा, सपाट, पाची बोटं जुळवलेली. थांबा.

तो थांबला.